बांधावर आणि टेबलापुढे : प्रशिक्षणार्थींचा पोशाख

सकाळी शेतात आणि दुपारी कचेरीत काम करणाऱ्या प्रशिक्षणार्थीच्या कपड्यांना दोन निराळी कामे करावी लागतात. शेतात त्यांनी ऊन, काटा, चिखल, गोचीड आणि फवारणीचे औषध अंगापासून दूर ठेवायचे असते. कचेरीत त्यांच्यावरून समोरच्याला कळायचे असते, की आलेला तरुण काहीतरी काम घेऊन आला आहे. पहिल्या कामात कपडे कमी पडले तर अंगाला इजा होते, दुसऱ्यात कमी पडले तर भेट वाया जाते. महाराष्ट्रात ही दुहेरी गरज कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे ठळकपणे येते. रंधावा समितीने १९९२ मध्ये शिफारस केलेला ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत चालतो. त्यासाठी गावात येणाऱ्या मुलामुलींना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतात. पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्था, भूजल सर्वेक्षण, वनविभाग यांच्याकडे येणारे भूशास्त्राचे, समाजकार्याचे, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही याच अडचणीतून जातात.

त्यांनी काय घालावे याबद्दल दोन ठाम मते आहेत. महाविद्यालयांचा कल नीटनेटक्या, एकसारख्या पोशाखाकडे असतो. क्षेत्रावर प्रत्यक्ष काम करून घेणारे जमीन, हवामान आणि त्या दिवसाचे काम पाहतात. पुढच्या विवेचनात पहिले मत कार्यानुभव कार्यक्रम सांभाळणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या तोंडी आणि दुसरे पाणलोट संस्थेतल्या एका अनुभवी क्षेत्र-पर्यवेक्षकाच्या तोंडी दिले आहे. पर्यवेक्षक त्यांना मॅडम म्हणतात आणि त्या त्यांना भाऊ.

प्राध्यापिकेचा पहिला आग्रह एकसारख्या पोशाखाचा आहे. “भाऊ, आमची पाच-सहा मुले अनोळखी गावात शिरतात. ती कोणत्या कॉलेजची, कशासाठी आली, हे दर दारात पहिल्यापासून सांगत बसावे लागले तर अर्धा दिवस त्यातच जातो. एकसारखे कपडे असले की पारावरची मंडळी लांबूनच ओळखतात. शिवाय घरची ऐपत कपड्यांवरून दिसत नाही. आमच्याकडे बागायतदाराचा मुलगा असतो तशी ऊसतोड करणाऱ्याची मुलगीही असते.”

पर्यवेक्षकाला ओळखीची गरज मान्य आहे, पण गणवेशाची निवड मान्य नाही. “ओळख टोपीने आणि गळ्यातल्या ओळखपत्राने होते, मॅडम. पांढरा शर्ट, काळी पँट आणि पॉलिशचे बूट घालून मुले पावसाळ्यात काळ्या रानात उतरली की दहा पावलांत बुटाला चिखलाचा ढेकूळ लागतो. वीस पावलांत पाय उचलत नाही. बूट रुततो आणि मोज्यातला पाय तेवढा वर येतो. मग मुले काय करतात? बांधाच्या कडेकडेने चालतात. आणि मातीचा नमुना तिथलाच घेतात.”

या शेवटच्या वाक्यात पोशाखाच्या प्रश्नाचे गाभ्याचे कारण आहे. माती परीक्षणासाठी शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढायची, ती एकत्र कालवून चौथाई करत अर्धा किलोपर्यंत आणायची, अशी रीत आहे. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची आणि पाणथळ जागेतली माती घेऊ नये, असा स्पष्ट नियम आहे, कारण तिथले घटक बाकीच्या रानासारखे नसतात. बूट वाचवत बांधावरून घेतलेल्या नमुन्यावर प्रयोगशाळा अचूक काम करते, अहवालही येतो, आणि शेतकरी त्या अहवालावर भरवसा ठेवून खताचे पैसे खर्च करतो. चुकीच्या पोशाखाची किंमत अशी तिसराच माणूस मोजतो, आणि ती कोणत्याही नोंदीत दिसत नाही. झाडांची मोजणी रस्त्यालगतच्या चौकटीत उरकणे, ओढ्यापलीकडच्या विहिरीची पातळी अंदाजाने लिहिणे, घरोघरच्या पाहणीत डांबरी रस्त्यावरचीच घरे घेणे, हे सगळे याच जातीचे आहे. आळस म्हणून मुलांवर ठपका ठेवण्याआधी त्यांच्या पायात काय होते ते पाहिले पाहिजे.

काळ्या रानासाठी पायाला घट्ट बसणारा, घोट्याच्या वर जाणारा आणि धुता येणारा बूट लागतो. कोरड्या हंगामात जाड तळाचे कापडी बूट चालतात. पातळ रबरी तळाची चप्पल बाभळीच्या काट्यापुढे टिकत नाही. काटा तळातून आरपार येतो, आणि सराट्याची बोंडे तळात रुतून बसतात. भारतात साप चावण्याच्या घटनांत पाय आणि पोटरीचा खालचा भाग यांचे प्रमाण सर्वांत मोठे असते. घोणस पाचोळ्यात, फुरसे दगडाखाली आणि मण्यार रात्री वाटेवर असते. गुडघ्यापर्यंतचा गमबूट आणि हातातली काठी या दोन गोष्टी तिथे खरोखर जीव वाचवतात. बूट व्हरांड्यात काढून ठेवले असतील तर पाय घालण्याआधी उलटे करून झटकावेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार शोधल्यापासून त्या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले, तरी दंशाच्या वेदना आणि रुग्णालयातले दिवस चुकत नाहीत. झटकायला मात्र दोन सेकंद लागतात.

उन्हाबद्दल दोघांचा वाद रंगावरून सुरू होतो. “पांढरे सुती कपडे उन्हाला चांगले, हे तरी तुम्ही मान्य कराल,” प्राध्यापिका म्हणतात. पर्यवेक्षक अर्धेच मान्य करतात. “सुती चांगले. पांढरे चांगले, पण सैल असेल तर. तुमचा गणवेश अंगाला चिकटलेला असतो. मळू नये म्हणून मुले कापसात बसतसुद्धा नाहीत.”

शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो घाम वाळण्याआधी ठिबकून जमिनीवर पडतो, तो काहीच नेत नाही. म्हणून कपड्याने घाम शोषला पाहिजे आणि कपड्याच्या आतून वारा फिरला पाहिजे. कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा सहज धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. सैलपणाचे महत्त्व १९८० साली ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवले आहे. वाळवंटातल्या बेदुइन लोकांचे काळे झगे पांढऱ्या झग्यांपेक्षा जास्त तापतात, पण आतल्या शरीरापर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच असते, कारण झगा सैल असतो आणि आतली गरम हवा वरून निघून जाते. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा फिकट रंग, सुती कापड आणि सैल शिवण या तीनही गोष्टी एकत्र हव्यात. त्यांत एकच राखता येत असेल तर शिवणीचा सैलपणा आधी राखावा.

डोक्यासाठी महाविद्यालये देतात ती पुढे झाप असलेली टोपी कपाळाला सावली देते आणि कान, मान उघडी ठेवते. विदर्भात दुपारी घराबाहेर पडणारा माणूस डोके, कान आणि मान दुपट्ट्याने गुंडाळून निघतो. तो दुपट्टा विहिरीवर ओला करता येतो, धुळीत नाकावर ओढता येतो, सावलीत अंथरता येतो. गणवेशात टोपी हवीच असेल तर चहूबाजूंनी काठ असलेली द्यावी, किंवा टोपीखाली सुती दुपट्टा घ्यायला हरकत नाही, असे लिहून द्यावे. प्राध्यापिकेने इथे हरकत घेतलेली नाही. एक सावधगिरी मात्र पर्यवेक्षकांनीच सुचवली आहे. निवडणुकीच्या दिवसांत भगवा, निळा, हिरवा उपरणेवजा कपडा गळ्यात असला की पाहणीला आलेला विद्यार्थी एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता समजला जातो आणि दारातली उत्तरे बदलतात. दुपट्टा पांढरा किंवा चौकड्यांचा असावा. त्याच कारणाने गडचिरोलीसारख्या भागात लष्करी छापाचे, खाकी किंवा हिरवट-खाकी कपडे घालू नयेत. तिथे अशा कपड्यांमुळे गैरसमज झाला तर तो बोलण्याने मिटेलच असे नाही.

बाह्यांचा प्रश्न शेतमजूर बायकांनी केव्हाच सोडवला आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत वऱ्हाडातल्या कोणत्याही रानात पाहिले तर लुगड्यावर किंवा साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवलेल्या बाया ओळीने पुढे सरकताना दिसतात. शर्टाची मनगटाची बटणे लावलेली असतात. पदर डोक्यावरून घेऊन कानामागे घट्ट खोचलेला असतो. कमरेला वेचलेला कापूस टाकायला कापडाची ओटी बांधलेली असते, म्हणजे दोन्ही हात मोकळे. शर्टामुळे वाळलेल्या बोंडांच्या टोकदार कडा दंडाला ओरबाडत नाहीत, ऊन लागत नाही, पानांवर राहिलेले औषध थेट कातडीला लागत नाही. शर्ट जुना असल्यामुळे कापड मऊ असते, आणि तो पुरुषाचा असल्यामुळे साडीवर सैल बसतो. हा पोशाख कोणत्या समितीने ठरवलेला नाही, त्याचा नमुना कुठल्या पुस्तिकेत नाही, आणि तरीही प्रशिक्षणार्थींना क्षेत्रासाठी याहून चांगला नमुना दाखवता येणार नाही. कृषिकन्येने घरातला जुना लांब बाह्यांचा शर्ट पिशवीत टाकून आणला तर तिचा गणवेश मळत नाही आणि हातही वाचतात. सह्याद्रीच्या उतारावर हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगांची लव उडते, गाजरगवताच्या संपर्काने कित्येकांच्या त्वचेला पुरळ उठतो. दोन्हीकडे अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट निरुपयोगी ठरतो.

“शर्टाचे मान्य,” प्राध्यापिका म्हणतात. “पण भाऊ, तुमची पोरे जीन्स घालून येतात. ते कसे काय चालते?” पर्यवेक्षक सांगतात, की हिवाळ्यात आणि काटेरी रानात जीन्स उपयोगी आहे, कारण कापड जाड असते. पावसात मात्र ती नको. भिजलेली जीन्स जड होते, दिवसभर वाळत नाही, आणि चालून चालून मांड्या सोलवटतात. टेरिकॉटची सैल पँट पावसाळ्यात त्याहून बरी, कारण ती तासाभरात वाळते.

कोकणात पाऊस आणि चिखल यांचा हिशेब आणखी वेगळा आहे. लावणीच्या खाचरात गमबूट घातला तर तो चिखलात धरून ठेवला जातो, म्हणून तिथे लोक अनवाणीच उतरतात. त्याच पाण्यात उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. प्रशिक्षणार्थीच्या पायाला जखम असेल तर त्याने खाचरात उतरू नये, बांधावरून नोंदी घ्याव्यात. इथे बांधावर थांबणे योग्य आहे, आणि का थांबलो ते नोंदवहीत लिहावे. उतरावेच लागले तर बाहेर येताच पाय साबणाने धुवावेत. पावसासाठी कोकणाने इरले घडवले. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते पाठीवरचे छप्पर वाकून लावणी करताना पाठ कोरडी ठेवते आणि दोन्ही हात मोकळे सोडते. छत्री एक हात अडवते, आणि नोंदी घेणाऱ्याला दोन हात लागतात. बंद रेनकोटात माणूस घामाने भिजतो. म्हणून पाठीवरची पिशवी झाकणारा, बाजूंनी उघडा, सैल पावसाळी झगा बरा. नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत आणि पेन्सिल शिसाची असावी. शाई ओल्या कागदावर पसरते.

जंगलाच्या कडेला काम असेल तर गोचीड हा स्वतंत्र विषय होतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी भागात दिसू लागला. काजूच्या हंगामात बागांत जाणाऱ्यांना त्याचा धोका जास्त असतो. विदर्भात झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस पावसाळ्यानंतर आढळतो. दोन्हींसाठी पोशाखाचा नियम एकच आहे. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, शर्ट पँटमध्ये खोचलेला. फिकट कपड्यावर चढणारी गोचीड दिसते, म्हणून इथे प्राध्यापिकेच्या पांढऱ्या शर्टाला पूर्ण गुण द्यावे लागतात. परत आल्यावर कपडे खुंटीला न टांगता गरम पाण्यात टाकावेत आणि लगेच अंघोळ करावी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून होणाऱ्या प्राणीगणनेसाठी मात्र रंग मातकट लागतो, आणि अत्तर-सेंट वर्ज्य असते.

फवारणीच्या बाबतीत दोघांच्या भूमिका अदलाबदल होतात. इथे नियम प्राध्यापिका सांगतात आणि अडचण पर्यवेक्षक. “कीटकनाशक नियम, १९७१ मधला ३९वा नियम वाचा, भाऊ. औषध आरपार जाणार नाही असा आणि धुता येईल असा अंगभर कपडा, डोक्यावर टोप, मनगटाच्या वर अर्ध्या हातापर्यंत येणारे रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. हे सगळे कायद्याने आहे.” पर्यवेक्षक उत्तर देतात, “आहे, मॅडम. आणि सप्टेंबरच्या दमट उकाड्यात तो कपडा अंगावर अर्धा तास टिकत नाही. शेतकऱ्याला किट दिले की तो ते खुंटीला लावतो, आणि त्यात त्याची चूक नाही.”

दोघेही खरे बोलत आहेत, आणि ही अडचण कागदावर सुटणारी नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे औषधाचा फवारा तोंडावर आणि छातीवर येत होता. पाठीवरचा पंप गळत असेल तर औषध पाठीवरून कमरेपर्यंत उतरते, आणि जांघेतली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पट वेगाने औषध शोषून घेते. साधा सुती कपडा अशा वेळी औषधाने भिजून अंगाला चिकटतो, म्हणजे विष लावलेली पट्टी बांधल्यासारखेच होते. उन्हासाठी उत्तम असलेला सुती, शोषणारा कपडा फवारणीत घातक ठरतो. शेतकऱ्यापुढे पहाटे गारव्यात फवारणे, वाऱ्याच्या दिशेने फवारत मागे सरकणे, असे मार्ग आहेत. प्रशिक्षणार्थीबाबत मात्र तडजोडीला जागा नाही. त्याने फवारू नये. औषध कालवू नये, पंप धरू नये, फवारलेल्या रानात लेबलवर सांगितलेला काळ संपेपर्यंत शिरू नये. प्रात्यक्षिक दाखवायचेच असेल तर पंपात साधे पाणी भरून दाखवता येते, आणि संरक्षक कपडे कसे चढवायचे-उतरवायचे तेही त्याच वेळी शिकवता येते. औषध लागलेले कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळे धुवावेत, आणि ते आईकडे किंवा खोलीतल्या दुसऱ्याकडे धुवायला देऊ नयेत.

यंत्राजवळ सैल कपड्यांचा सगळा फायदा उलटतो. मळणी यंत्राच्या पट्ट्यात किंवा ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात ओढणीचे, पदराचे, दुपट्ट्याचे टोक सापडले तर हाताने सोडवायला वेळ मिळत नाही. खळ्यावर ओढणी आणि दुपट्टा काढून पिशवीत ठेवावा, शर्ट खोचावा, वेणीचा अंबाडा बांधावा, बांगड्या आणि हातातला दोरा उतरवावा. “ओढणी काढा म्हटले की मुली संकोचतात,” असे प्राध्यापिका म्हणतात. यावर उपाय सोपा आहे. यंत्राच्या कामाच्या दिवशी ओढणी लागणारच नाही असा, जाड कापडाचा, पुढे बटणांचा, बेताचा घेर असलेला कुर्ता किंवा शर्ट गणवेश म्हणून ठरवावा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२व्या कलमात चालू यंत्राची तपासणी करणाऱ्या कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असे म्हणताना, ते कपडे भोगवटादाराने पुरवायचे, असेही कंसात नमूद केले होते. ज्याच्या कामासाठी धोका पत्करायचा, कपडा त्याने द्यायचा, हे तत्त्व त्या कंसात आहे.

मुलींच्या पोशाखावर दोघांचा मतभेद तीव्र होतो. “गावात गेल्यावर कुर्ता-सलवारच हवी, असा आमचा नियम आहे. घरोघरच्या बायकांशी बोलायचे असते,” प्राध्यापिका सांगतात. पर्यवेक्षक विचारतात, “आणि मुलगे हाफ पँट घालून आले तर?” प्राध्यापिका थोड्या थांबतात. “त्यांना कोणी तसे सांगावे लागत नाही.” पर्यवेक्षक म्हणतात, “सांगावे लागते, मॅडम. आमच्याकडे लागते.”

गावाचा संकोच राखणे ही पाहुण्याची जबाबदारी आहे आणि ती मुलगा-मुलगी दोघांवर सारखीच पडते. अंगभर, सैल, फिकट कपडे दोघांनाही शोभतात. त्यासाठी मुलीने सलवारच घालावी असे ठरत नाही. पँटवर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालून बांध ओलांडता येतो, दुचाकीवर बसता येते, विहिरीत डोकावता येते. नऊवारीचा काष्टा घालून भातलावणी करणाऱ्या बायकांनी पाय मोकळे ठेवण्याची गरज कधी लपवली नाही. लांब कुर्त्याचा आणखी एक उपयोग आहे, ज्याबद्दल सूचनापत्रे गप्प असतात. शिवारात शौचालय नसते. आडोशाला जाताना लांब, सैल कुर्ता पडद्याचे काम करतो. हे टाळण्यासाठी मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात याचा परिणाम चक्कर येण्यापासून मूत्रमार्गाच्या संसर्गापर्यंत होतो. कपड्यांची सूचना देताना कुठल्या घरी, कुठल्या शाळेत शौचालय वापरता येईल हे आधी विचारून ठेवणे हे पर्यवेक्षकाचे काम आहे. मुलींच्या कपड्यांना खिसे नसतात ही तक्रारही तितकीच खरी आहे. नोंदवही, फोन आणि पाण्याची बाटली हातात घेऊन कोणालाच झाड मोजता येत नाही. गणवेश शिवून घेतला जात असेल तर कुर्त्याला दोन खोल खिसे सांगावेत. शिंपी ते सहज लावून देतो.

कचेरीच्या पोशाखाचे नियम त्यामानाने लवकर सांगून होतात. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी परिपत्रक काढून शासकीय कार्यालयांतला पोशाख ठरवला, आणि त्यात कंत्राटी कर्मचारी व सल्लागारांनाही धरले. बायकांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, पँट-शर्ट, आणि पुरुषांसाठी शर्ट-पँट. जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नको, भडक नक्षीचे कपडे नकोत, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी घालावी. जीन्सवरची बंदी पुढच्याच वर्षी मागे घेण्यात आली. प्रशिक्षणार्थीने कचेरीत एवढे पाळले तर पुरेसे आहे. इस्त्रीपेक्षा स्वच्छता महत्त्वाची आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या बैठकीला लांब बाह्यांचा शर्ट, गावसभेला तोच शर्ट, आणि दोन्हीकडे ओळखपत्र.

खरी अडचण सकाळ आणि दुपार यांच्या मधल्या तासाची आहे. “मुले चिखलाच्या पायांनी तहसील कार्यालयात येतात, तेव्हा मला खाली बघावे लागते,” प्राध्यापिका म्हणतात. “मला नाही बघावे लागत,” पर्यवेक्षक म्हणतात. “ती काम करून आली आहेत.” भावना म्हणून पर्यवेक्षकांचे म्हणणे पटते, पण घामाने भिजलेल्या कपड्यांत चार तास पंख्याखाली बसणे त्या मुलांनाच त्रासाचे असते, आणि शेजारी बसणाऱ्यालाही. क्षेत्रावरून येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरडा शर्ट, एक जोडी मोजे आणि साधी चप्पल हवी. एवढे विद्यार्थी आणू शकतो. त्यापुढचे संस्थेने करायचे आहे. पाय धुवायला नळ, बूट वाळत ठेवायला कट्टा, ओले कपडे टाकायला दोरी, आणि कपडे बदलायला आतून कडी लागणारी एक खोली. कित्येक तालुका कार्यालयांत अशी खोली नसते. मग मुली एक तर दिवसभर ओल्या कपड्यांत राहतात किंवा क्षेत्रावर जाणेच टाळतात, आणि पुढे त्यांना कचेरीतलेच काम आवडते असा निष्कर्ष काढला जातो.

खर्चाचा मुद्दा शेवटी येतो, पण निर्णय त्यावरच होतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. त्यात खोलीचे भाडे, मेस आणि प्रवास भागवून कचेरीचे दोन जोड, क्षेत्राचे दोन जोड, गमबूट आणि पावसाळी झगा विकत घ्या, असे सांगणे अन्यायाचे आहे. प्राध्यापिका आणि पर्यवेक्षक यांचे इथे पूर्ण एकमत आहे. अंगावरचे रोजचे कपडे विद्यार्थ्याचे. जुना लांब बाह्यांचा शर्ट आणि सैल पँट घरात असतेच. जे साहित्य केवळ कामाच्या धोक्यामुळे लागते ते संस्थेचे. त्यात गमबूट, हातमोजे, रस्त्यावरच्या मोजणीसाठी चमकणारे जॅकेट, बांधकामावर आयएस २९२५ चिन्हाचे हेल्मेट, आणि एकसारखी टोपी येते. ते संस्थेने कोठारात ठेवावे, तुकडी आली की द्यावे, गेली की धुऊन परत घ्यावे.

कोठारातले गमबूट बहुधा आठ, नऊ आणि दहा नंबरचे असतात. चार किंवा पाच नंबरचा पाय असलेली मुलगी ते घालून चिखलात चालूच शकत नाही. ते पायातून निसटतात आणि ती पुन्हा चपलेवर येते. संस्थेत रुजू होताना भरून घेतल्या जाणाऱ्या अर्जात रक्तगट विचारलेला असतो. त्याच्याच खाली पायाचे माप लिहायला एक ओळ ठेवावी, आणि तुकडी येण्याआधी त्या मापाचे बूट आणून ठेवावेत.